शेवटचं पान उंदरांनी खाल्लं

गोकुळपेठेत, पिठाची गिरणी आणि पंक्चरवाला यांच्या मधे
माझं वाचनालय. सभासद एकशे बारा,
त्यातले वर्गणी देणारे सत्तर.
सगळ्यात जास्त फिरतात ती विलायती खुनांची भाषांतरं:
लहानसं गाव, दगडी चर्च, भुरभुर पाऊस,
गुलाबाच्या वाफ्यात पाद्र्याचा भाचा पालथा,
आणि कुत्रं फिरवता फिरवता
सगळं ओळखणारी कोणी एक बाई.

मे महिन्यात तर नंबर लावावे लागतात.
बाहेर शेहेचाळीस. खुनाची इच्छा झाली तरी
उठून जाणार कोण?
लोक कूलरपुढे चटई टाकतात
आणि तिकडचं धुकं अंगावर ओढून घेतात.

त्याच मे महिन्यात शेवटची पानं जाऊ लागली.
एकेक. ब्लेडनं, पट्टी लावून, शिवणीलगत.
बोकारे मास्तरांनी पुस्तक आपटलं माझ्यापुढे,
"काय जी, तीनशे पानं वाचली मी,
अन् खुनी कुठाय?"

उमाठेबाई तेव्हा कपाटाशी उभ्या होत्या.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं,
अर्धं नागपूर कानाला लावून बसलेल्या,
आणि ऐकलेलं घरी कधी न नेलेल्या.
त्यांनी फाटकी पुस्तकं पाहिलीच नाहीत.
म्हणाल्या, "रजिस्टर द्या."

दोन दुपारी बसल्या. मधे एकदा गिरणीवाल्याला
पट्टा सैल झालाय म्हणून आवाजावरून सांगून आल्या.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
"भांडायला कोण कोण आलं?"
"सगळेच."
"सगळे नाही."

एका नावापुढे तेवीस पुस्तकं होती.
तक्रार एकही नाही.

मग डोक्यातला आकडा काढून त्यांनी
एका पुस्तकाच्या कण्यातून लाल धागा ओढला,
बोटाच्या पेराएवढा.
"हा नाडा कुठल्या फायलीला असतो,
तुम्हाला सांगायला नको."

नीळकंठ झाडे. हायकोर्टात टायपिस्ट होते.
अजनीला दीड खोली, खिडकीला ओलं गोणपाट.
त्यांनी नाकारलं नाही. आधी पन्हं दिलं,
मग पलंगाखालून बस्ता काढला:
पानं अनुक्रमांकानं लावलेली, प्रत्येकाला भोक,
कोपऱ्यात तारीख.

"सुरुवाती मी पुष्कळ टाइप केल्या, बाई.
वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, पुढची तारीख.
एका धुऱ्याच्या भांडणात आजोबा आले, मग बाप,
मग मिशी फुटलेला नातू.
माझी रिटायरमेंट आली, निकाल आला नाही.
इथं बघा. प्रत्येकाचा निकाल लागलाय.
रात्री एक वाचतो. मग झोप येते.
खून कोणी केला, तेवढं मला माहीत असतं.
कोणाचा झाला, ते नाही."

मी काही बोलणार होतो.
उमाठेबाईंनी बस्ता ओढून घेतला,
सैल झालेला नाडा नीट बांधला,
गाठ एकदा ओढून पाहिली,
आणि परत पलंगाखाली सरकवला.

लुनावर बसताना म्हणाल्या, "उंदीर."
"काय?"
"लोकांना सांगायचं. उंदीर होते."

सांगितलं. मास्तरांचा विश्वास बसला नाही,
पण पिंजरा त्यांनीच आणून दिला.
मी तेवीस पुस्तकांना कोरी पानं डकवली,
लिहिलं: खुनी कोण, आपापलं ठरवा.
दिवाळीपर्यंत सगळी भरली.
मास्तरांनी पाद्र्याला फाशी दिली, शुद्धलेखनासह.
एका दहावीतल्या मुलीनं कुत्र्यावर संशय घेतला
आणि कारणं दिली, तीही चांगली.
झाडे येतात. पुस्तक घरी नेत नाहीत,
उभ्यानंच मागून उघडतात,
हसतात, ठेवून देतात.

एकाच पुस्तकात उमाठेबाईंनी लिहिलं होतं.
मी वाचायचं म्हणत राहिलो,
आणि परवा उघडलं तर पान नाही.
ब्लेड, पट्टी, शिवणीलगत.

बाई समोरच होत्या, वर्गणीचे सुटे मोजत.
मी पुस्तक त्यांच्याकडे वळवलं.
त्यांनी एकदा पाहिलं,
आणि पिंजऱ्यात पोळीचा तुकडा
नवा लावायला सांगितला.