आधीचे ओरखडे

दुकानदार म्हणाला, आधी फोटो काढून घ्या ताई,
टाकीवरचा हा, सायलेन्सरवरचे हे तीन,
मडगार्डला बसलेला पोचा,
म्हणजे संध्याकाळी वाद नको.
ज्युडिथ उकिडवी बसून
वॉर्डात जखमा नोंदवाव्यात तशी एकेक टिपत गेली.
मी आधारची झेरॉक्स दिली, दोन हजार डिपॉझिट,
आणि कुणाच्यातरी खोबरेल तेलाचा वास असलेलं हेल्मेट
नाक मुरडत डोक्यात घातलं.

छेचाळिसाव्या वर्षी शोभतं का हे,
असं मुंबई नाक्यावर कुणीच विचारलं नाही.
मीच विचारलं.
"मागे बस, हेमे. कुवेतमध्ये बावीस वर्षं
वळण नसलेल्या रस्त्यावर काढलीत मी."
अकरा दिवसांची तिची रजा,
त्यातले नऊ वसईच्या नातेवाइकांचे.

गंगापूर मागे पडलं.
द्राक्षांच्या घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली,
कालच्या बातम्यांत गोडी भरत होती.
गिरणाऱ्यात रिकाम्या क्रेटांच्या चळती,
काश्यपीचं पाणी उतरलेलं, काठाला गाळ, गाळात बगळा.
माझं नाशिक म्हणजे सिव्हिल ते सिडको,
नाइट ड्यूटी ते भाजीबाजार.
माझ्याच जिल्ह्यात ती मला पाहुणी म्हणून फिरवत होती.

मग वाघेरा घाट.
रस्ता असा वळतो, जसा बोलता बोलता
कुणी विषय बदलावा.
पळसाला पानं तीनच म्हणतात;
इथं तीही नव्हती, नुसतं फूल.
खाली दरीत राब भाजल्याचे काळे चौकोन,
आणि एका घराच्या कौलांवर वाळत टाकलेलं
काहीतरी लालभडक, मिरची की लुगडं,
इतक्या वरून कळेना.

दुसऱ्या गिअरमध्ये, तिच्या पाठीला,
मी म्हटलं एकदाचं:
घरून नको म्हणाले, हे खोटं होतं.
फॉर्म मीच मागे घेतला. मी घाबरले होते.
वारं. इंजिन. "काय?" ती ओरडली.
"गिअर बदल," मी ओरडले.

खिंडीत शेळ्यांमागे एक पोरगा होता, सोमा.
काठीनं दाखवत म्हणाला,
"इकडलं पानी गंगंला जातं, तिकडलं दमनगंगेला."
ज्युडिथनं बाटलीत उरलेलं पाणी ओतलं,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे,
एक धार माझ्या पूर्वेला, एक तिच्या समुद्राला.
डांबर तापलेलं. दोन्ही ओघळ
हातभर जाऊन सुकले.
सोमा हसला. शेळ्यांनी बोरीचा पाला ओरबाडला.

हरसूलच्या अलीकडे वाळू होती.
गाडी पडली नाही, कलंडली,
म्हातारं माणूस टेकतं तशी सावकाश,
आणि आम्ही तिच्यासोबत.
आधी हसू आलं, मग कोपर दुखलं.
दोन बोटांनी तिनं हाड चाचपलं,
हॉस्टेलात चाचपायची तसंच,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मला तेव्हाच ठाऊक होतं.
पासपोर्टच्या रांगेतून तू निघून जाताना
दिसली होतीस. मी हाक मारली नाही.
मारली असती तर तू आली असतीस."

यावर काय बोलायचं असतं?
मी म्हटलं, आरसा वाकलाय.
ती म्हणाली, सरळ होईल.
तो झाला नाही. येताना सगळा घाट
आरशात नुसतं आभाळ.

दुकानात पोरानं मोबाइलचा उजेड धरला,
फोटो आणि गाडी, गाडी आणि फोटो.
डाव्या इंडिकेटरशी थांबला.
"हा फोटोत नाही, ताई."
"नाही," आम्ही दोघी एकदम, "हा आजचा."
पाचशे कापले. घासाघीस करायचं
मला सुचलंसुद्धा नाही, आणि मी मेथीच्या जुडीवरही करते.
ज्युडिथनं पावती मागितली.
त्यानं पेन शोधलं, थुंकी लावून पान उलटलं,
आणि लिहिलं: डावीकडे, नवा, एक.