शीग नसलेलं माप

खरेदी खात्याचे कुरियन दरवर्षी एकच विचारतात:
काचच ना ही? मग ही पाचपट महाग का?
बीकरवरही रेघा असतात की.

लुलवा नवी आहे. ती माझ्याकडे बघते.

हिद्दच्या या प्लांटात समुद्र खारट शिरतो
आणि मुहर्रकच्या नळांना चालेल असा बाहेर पडतो.
मधे आमची खोली, वीस अंशांवर धरलेली.
काचेपलीकडे सेहेचाळीस.

मी कपाट उघडते.
हा बीकर. हा "शंभराच्या आसपास" म्हणतो,
वाट विचारल्यावर लोक
"हे काय, इथंच" म्हणतात, तसा.
यात ढवळ, तापव, ओत. मोजू नकोस.
सिलिंडर त्याहून बरा,
भांडी धुवायचं आम्ल पातळ करायला पुरतो.

आणि हा लांब मानेचा फ्लास्क.
एकच रेघ. जन्मभर एकच आकडा.
याला भट्टीत वाळवत नाहीत,
पालथा घालून ठेवायचा, सावकाश कोरडा होऊ द्यायचा.

फ्लास्कवर "इन" लिहिलंय, पिपेटवर "एक्स".
इन म्हणजे आत किती मावलं.
एक्स म्हणजे बाहेर किती दिलं.
या दोन गोष्टी एक नाहीत, लुलवा,
मला ते इथं येऊन सहा वर्षांनी कळलं.

पिपेटच्या टोकाशी शेवटचा थेंब अडकतो.
ती फुंकर मारायला जाते.
थांब.
तो धरलेलाच नाही.
ज्यानं रेघ ओढली त्याला ठाऊक होतं
की एवढं मागे राहणार.
टोक भिंतीला टेकव, थोडं थांब, काढून घे.

नांदुऱ्याला बाबा रॉकेलच्या दुकानात मापाडी होते.
लिटरच्या मापाला मालकानं बुडातून पोचा दिलेला,
आणि कडेला वजनमापे खात्याचा शिक्का, खराखुरा.
लिटरमागे दोन चमचे.
रांगेत आमच्याच गल्लीतल्या बाया, हातात डबे.
बाबा माप काठोकाठ भरत, अजून भरत,
मनगटावरून ओघळेपर्यंत.
मालक हसायचा:
राकेलाले काय शीग लावतं का ढोले?

नाही लागत.
ज्वारीला लागते, पायलीवर टेकडी उभी राहते.
द्रवाचं उलटं. तो मधे खचतो,
कडांनी काचेला धरून वर चढतो.
म्हणून गुडघे वाकव. डोळा रेघेच्या पातळीत आण.
चढलेल्या कडा बघू नकोस,
खचलेला तळ बघ.

बाबांच्या कपड्यांचा तो वास
अजून मला इथल्या पेट्रोल पंपावर गाठतो.

लुलवा म्हणते, माझे पणजोबा
समुद्राच्या तळातून गोडं पाणी आणायचे.
तळाशी झरे होते. कातड्याची पिशवी घेऊन बुडी मारायची,
झऱ्याच्या तोंडावर ती धरायची, तोंड आवळून वर.
किती यायचं, मी विचारते. लिटरमध्ये?
ती खांदे उडवते.
एका श्वासाचं.

मी ब्युरेट लावते. तोटी सैल, मग घट्ट, मग सैल.
पिवळ्यात विटकरी ठिणगी पडते, विरते,
पुन्हा पडते, जराशी रेंगाळते.
आता अर्धाच थेंब, टोकावर लोंबकळता,
तो काचेवर टिपून धुऊन आत घ्यायचा.
रंग राहिला.

कुरियनांच्या फॉर्मवर "कारण" हा रकाना
दोन बोटं रुंद आहे.
मी लिहिते: अ वर्ग, दाखल्यासह, पाच नग.
पोच्याबद्दल तिथं लिहिता येत नाही.

लुलवा जमिनीवर गुडघे टेकून बसलीय,
एक डोळा मिटून.
बारा पूर्णांक बेचाळीस, ती म्हणते.
मी वाकून बघते. मला चव्वेचाळीस दिसतात.

खरं कुणाचं, कुणास ठाऊक.
माझं चाळिशीचं भिंग नवं आहे.
ती आधीच उठून
ब्युरेट रिकामी करायला लागलीय.