छातीचा घेर

दर पौर्णिमेला फीत घेऊन जातो
गरमसूरच्या गोठ्यावर.
गोऱ्ह्याच्या पुढच्या पायांमागून फिरवायची,
श्वास सोडला की आकडा वाचायचा.

बिसन गवळी वही पाहत नाही.
"याची माय पाह्य," म्हणतो,
"वैशाखात पऱ्हाटीच्या काड्या चघळून
हिनं पान्हा आटू नाही देल्ला."

माझ्या वहीत मायचा रकाना आहे :
वजन, वेत, दोन वेतांतलं अंतर.
वैशाख नाही.

औंदा वळू ठरला एकशे बाविसाचा.
एकशे अठराचा दावणीला उभा,
चार सेंटिमीटरनं
बैल होणार.

चिमटा माझ्याच पिशवीत.
त्यानं पिशवी हुंगली,
मग हात चाटला माझा,
मीठ असेल म्हणून.

बिसननं दोर आवळला.
"अजून एकडाव लाव फीत," म्हणाला,
"आत्ता श्वास भरलाय त्यानं."