खटका

माझं मत विचारलंच आहे तर सांगते:
बटण दाबल्यावर खट्ट वाजलं पाहिजे.
बोटाला कळलं पाहिजे, पलीकडे कुणीतरी ऐकलं.
काचेवर बोट फिरवणं म्हणजे
झोपलेल्याला हाक मारणं;
झोपलाय की सोंग घेतोय, पत्ता लागत नाही.

सव्वीस वर्षं मी लिफ्टच्या दारांचं डोकं लिहिते.
औलूतल्या निम्म्या इमारतींत तुमची बोटं शाबूत आहेत
त्यात माझाही थोडा हात आहे.
विनोद जुना झाला. सिनिक्का आताशा हसतही नाही.
पण दाराइतकं मर्यादशील यंत्र मी पाहिलं नाही.
काही आडवं आलं की मागे सरतं,
तीन सेकंद थांबतं,
मग पुन्हा विचारून बघतं.
मीटिंगमध्ये हे कुणाला साधत नाही.

मीटिंगचं म्हणाल, तर कॅमेरा चालू हवा असा नवा दंडक.
नोव्हेंबर, दुपारचे तीन, खिडकीत काळोख,
चौकटींत अकरा चेहरे, उकडलेल्या बटाट्यांसारखे,
आणि यार्क्को विचारतो, ऐकू येतंय ना सगळ्यांना?
येतं. तेच तर दुखणं.
आमच्याकडे गप्प बसण्याला कामचुकारपणा म्हणत नसत.
दोघं तासभर सौनात बसत,
एक म्हणे "हं", दुसरा तापल्या दगडांवर पाणी ओती,
आणि कराराचं तिथेच ठरून जाई.
आता दहा मिनिटं गप्प राहिलं
की नावाशेजारी पिवळा ठिपका: जागेवर नाही.

कॉफी नऊला आणि दीडला. यात सुधारणा नको.
ज्याचा कप त्यानंच घ्यावा.
वेइक्कोच्या कपावर मासा होता, एक डोळा घासून गेलेला.

रात्री मी धनुर्धारी असते. हसा.
त्रेपन्नावं वर्ष, पायांत लोकरीचे मोजे,
हेडफोनला मांजराचे केस.
पोरांची तोंडं शिवराळ, पण रीत बघा:
एक जण पडला तर अख्खी टोळी थांबते,
त्याला उठवते, मगच पुढे.
हे आपल्या तिमाही नियोजनात कुठल्या रकान्यात बसेल,
मी यार्क्कोला विचारलं. तो म्हणाला, रोचक आहे.
रोचक म्हणजे आमच्यात नाही.

टोळीत एक होता, नाव घेतलेलं ओलं-सरपण.
कुठला, बाई की बुवा, कधी विचारलं नाही.
सात वर्षं ढाल धरून माझी पाठ राखली.
मार्चमध्ये लाकडी पुलावर, ऐन लढाईत, त्यानं लिहिलं:
थांब, दारावर कुणीतरी आलंय.

त्याच महिन्यात वेइक्को निवृत्त झाला.
एकतीस वर्षं. बदाम लावलेला केक.
यार्क्कोनं भाषण केलं, बरंही केलं.
चारच्या ठोक्याला यंत्रणेनं त्याचं खातं पुसलं.
चार वाजून दहा मिनिटांनी सवयीनं मी
ब्रेकच्या चाचणीतला एक आकडा त्याला विचारला,
उत्तर आलं: असा कोणी वापरकर्ता नाही.
तो तेव्हा चार पावलांवर कोट चढवत होता.
मी उठून गेले, विचारलं.
बाहीत हात अडकलेला, तसाच म्हणाला,
शून्य दशांश बेचाळीस.
बरोबर होतं.

पुलावरचा मात्र अजून उभा आहे.
सर्व्हर जुनाट, कुणाला घालवून द्यायची अक्कल त्याला नाही.
दर चार सेकंदांनी पापण्या लवतात;
तेवढं ज्यानं लिहिलं त्याचं भलं होवो.
काम आटोपलं की कधी कधी मी जाते,
शेजारी उभी राहते.
लांडगे येतात, ते बघून घेते.

दार वीस सेकंदांहून जास्त उघडं राहिलं
तर घंटी वाजवावी, हा नियम माझाच.
चांगला नियम आहे. लिफ्टपुरता.

वेइक्कोचा तो कप कुणीतरी पळवलाय.
सिनिक्कावर माझा संशय आहे,
पण मी अजून काही बोललेली नाही.