वीस तेत्री

आमच्या खेळाचं दुकानातलं चित्र
नखाएवढं दिसणार होतं.
तेकलेनं ते भिंतीएवढं काढलं.

ग्लदानीतले सोळा मजले,
प्रत्येक गॅलरीला वेगळा गंज,
दोरीवर कुणाचे पायमोजे, कुणाची चादर,
खाली द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली
फासे टाकणारे चार म्हातारे,
आणि सातव्या मजल्यावर एक पिवळी खिडकी,
जिच्यात लामारा मावशी अजून जिवंत होती.

मधोमध लिफ्ट.
नाणं टाकल्याशिवाय
आमच्या इमारतीत ती कुणाला वर नेत नाही.
खेळही तोच: एक लिफ्ट, एक खिसा,
आणि नाणी नेहमी एकानं कमी.

तीन आठवडे लागले. मी कोड लिहितो,
मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही,
तरी बघताना डोळे निवले.
मग तिनंच ते लहान केलं, बोटाच्या पेराएवढं,
आणि दुसऱ्या शंभर खेळांच्या रांगेत नेऊन बसवलं:
तलवारी, ड्रॅगन, जळती शहरं,
बशीएवढ्या डोळ्यांच्या मुली.
त्या भाऊगर्दीत आमचं चित्र
कपाखाली उमटलेल्या चहाच्या डागासारखं.

ती फोन घेऊन खाली गेली, भट्टीवर.
त्सियाला कंबरेपर्यंत आत वाकून
लांबट पाव सोडवत होती.
पापणी लवेपर्यंत फोन तिच्यापुढे धरला, मागे घेतला.
काय दिसलं?
"गोधडी," त्सियाला म्हणाली. "जुनी. विकताय?"

त्या रात्री आधी म्हातारे उठले,
डाव अर्धा टाकून.
मग मांडव गेला, घडांसकट.
दोरीवरचे कपडे एकेक करून आत ओढले कुणी.
गंज गेला. त्या गंजाला सहा रात्री लागल्या होत्या.
मी म्हटलं, एवढा तरी राहू दे.
ती म्हणाली, मालखाझ,
जो माणूस थांबणारच नाहीये
त्याला तू सोळा मजले काय दाखवतोस?

नावही नडलं.
आमची लिपी गोल गोल,
लहान केली की शेवया.
तिनं अक्षरं जाड केली, अंधारावर पांढरी,
हात लांब करून, डोळे किलकिले करून
पुन्हा पुन्हा वाचली,
परक्या माणसाला वाचता येतील अशी.

शेवटी सातव्या मजल्यावरची खिडकी उरली.
तिच्यापाशी ती बराच वेळ बसली.
मला वाटलं, ही ठेवणार.
शाळेतून आलो की लामारा मावशी
रुमालात बांधून वीस तेत्री खाली टाकायची,
आम्हा सगळ्या पोरांत मिळून एकच नाणं,
आणि लिफ्टमध्ये आम्ही
लोणच्यासारखे दाबून भरलेले.

तेकलेनं खिडकी पुसली.
पिवळा तेवढा काढून बाजूला ठेवला,
साय बशीत काढून ठेवावी तसा.

उरला एक हात. पोराचा,
नखांत माती.
नाणं अर्धं फटीत, अर्धं बाहेर,
आणि फटीच्या आतून
तो पिवळा.

त्सियालानं या वेळी फोन ओढूनच घेतला,
पिठाच्या बोटांनी.
"वर कोण आहे?" म्हणाली.
मी सांगायला तोंड उघडलं,
तर तेकलेनं माझ्या पायावर पाय दिला.

दोन पाव घेतले. लिफ्टशी आलो, खिसे चाचपले.
होती नव्हती ती नाणी पावात गेली होती.
मग नऊ मजले चढलो,
बगलेत गरम पाव, टोकं वाटेतच खाल्लेली.
सातव्यावर जरा थांबलो.
दम लागला म्हणून,
असं ती म्हणाली. मीही तेच म्हणालो.