आटे

उजवा नट दहा मिनिटांत आला,
साबण लावलेल्या मनगटावरून बांगडी उतरावी तसा.
डावा मात्र गुरुवारपासून
हलायला तयार नाही.

जावा दोनशेपन्नास, सत्तावन्न सालची.
सिलिंडर एक, धुराडी दोन,
रंग सुकलेल्या चेरीचा.
लुबोरच्या गोठ्यात, बटाट्यांच्या पोत्यांआड
एकतीस वर्षं उभी.
ओलोमौत्सहून गिऱ्हाईक येणार रविवारी,
पिस्टन बघितल्याशिवाय पैसे नाहीत म्हणाला.
द्राहोमिरानं मला बोलावलं :
"हिनेक, चाळीस वर्षं ट्रामच्या डेपोत होतास.
एक नट काय तो."

एक नट काय तो.

पहिल्या दिवशी तेल पाजलं.
रात्रभर पीत बसला, सकाळी जैसे थे.
दुसऱ्या दिवशी आकड्याचा पाना,
पान्याला पाइप, पाइपला मी,
अडुसष्ट वर्षांचा, ब्याऐंशी किलोंचा.
पाना सटकला. बोटांची सालं निघाली
आणि मी अशी एक शिवी हासडली
की कोंबड्या अंगणात निघून गेल्या.

"छिन्नी देऊ?" तिनं विचारलं.
छिन्नी सगळ्यात शेवटी, मी म्हणालो.
आधी टकटक करायची, चहूबाजूंनी, हलक्या हातानं;
गंजाला वाटलं पाहिजे, कुणी सहज आलंय.
मग किंचित आवळायचा.
हो, आवळायचा. सोडवायच्या आधी.
डेपोत पोरांना हेच शिकवायचो,
कुणाला पटायचं नाही.

शनिवारी तो आवळलाही जाईना.
ब्लोलॅम्प पेटवला. निळी जीभ,
जुन्या धुराचा वास पुन्हा जिवंत झालेला,
बाहेर नोव्हेंबरचं धुकं पत्र्यावरून ठिबकत.
"मेण आहे का घरात?
तेल जिथं पोचत नाही तिथं मेण पोचतं."
ती आत गेली, लाल काचेतली मेणबत्ती घेऊन आली,
अर्धीच जळालेली.
मृतांच्या दिवशी लुबोरच्या थडग्यावर लावलेली,
शेवंतीशेजारी वाऱ्यानं विझली होती.
"वाया कशाला घालवायची," म्हणाली.

तापल्या नटाला मेण टेकवलं.
क्षणभर नुसतं चकाकलं,
मग पाणी झालं आणि आत ओढलं गेलं,
आतून कुणी घोट घ्यावा तसं.

तेव्हा सांगायला हवं होतं.
खरं तर एकतीस वर्षं सांगायला हवं होतं :
जूनची रात्र. मागून नेलेली गाडी,
साफ करतो म्हणून मीच उघडलेला सायलेन्सर,
टॉर्च दातांत.
पहिल्याच फेऱ्यात बोटांना समजलं होतं
नट तिरका चढतोय.
बोटांना समजतंच.
पण उजाडायला आलं होतं,
लुबोरला डेअरीच्या पाळीला निघायचं होतं,
आणि उलटा फिरवून पुन्हा बसवायला
लागली असती फार तर पाच मिनिटं.
मी पाना घेतला. पान्याला पाइप, पाइपला मी,
सदतीस वर्षांचा.
लुबोरला एवढंच म्हणालो, टाकी भरलीय.

नट हलला.
घट्ट बर्फावर पाऊल पडावं तसा आवाज,
पाव फेरा. मग अर्धा. मग सगळा
हातात, फडक्यात, वाफाळत.

तिनं चष्मा लावला.
आट्यांची एक बाजू खाल्ली गेली होती,
कुत्र्यानं चघळलेल्या हाडासारखी.
"तिरका बसवला होता," ती म्हणाली.
मी ब्लोलॅम्प विझवला. तो विझलेलाच होता.

"त्याला माहीत होतं.
मी म्हणायचे, कुणाकडून काढून घे, विकून टाक.
तो म्हणायचा, ज्यानं आवळलाय तो येईल.
घाई काय आहे."

घरात फोन वाजत राहिला. ओलोमौत्स असावं.
ती उठली नाही.
उरलेलं मेण काचेत नीट दाबून बसवलं,
वात सरळ केली,
आणि मग, जरा वेळानं,
"हात धू. सूप निवतंय."

नळाचं पाणी सोललेल्या बोटांना झोंबलं.
पुसायला खिशातला रुमाल शोधू लागलो
तेव्हा लक्षात आलं, नट माझ्याच खिशात होता,
कधी टाकला आठवत नाही,
अजून गरम.