नाव जुळत नाही

डॉक्टरीणबाईंनी दुखणं प्रमाणित केलं:
यादीतलं आहे, चालेल.
मग स्क्रँटनच्या या स्वयंपाकघरात बसून
श्रीपादचा अर्ज मी भरला.
परत आला.
लायसन्सवर मधलं नाव आहे,
अर्जात नाही.

मधलं नाव म्हणजे मामंजी.
गंगाधरपंत.
देवळामागे चिलीम ओढणाऱ्या गोसाव्याला
काठी घेऊन वेशीपार नेऊन सोडणारे.

आता त्यांच्यावाचून
त्यांच्याच लेकाला गांजा मिळेना.

एकेक अक्षर टाइप केलं. पन्नास डॉलर, फोटो.
सांभाळणारी म्हणून माझंही कार्ड,
त्यासाठी दहा बोटांचे ठसे.

काल रात्री श्रीपाद झोपला,
पाय न झाडता.
मी कार्ड उलटून पाहिलं:
मुदत पुढच्या सप्टेंबरपर्यंत.
म्हणजे बहुधा
पितृपक्षातच.